बाईंची एक अफवा

"बाहेर वारा सुटलाय" असं बाईंना सांगायची सोय नव्हती. लगेच विचारायच्या, "कुणी सांगितलं?" आता ख्राइस्टचर्चला नॉरवेस्टर, म्हणजे वायव्येचा गरम वारा, सुटला की माणसाचं डोकं दुखतं, कचऱ्याचे डबे रस्त्यावर लोळतात, कुंपणाच्या फळ्या वाजायला लागतात. ते सांगायला कुणी लागतं का? पण बाई विचारणारच. मी वैतागून "मी स्वतः पाहिलं" म्हटलं की त्यांचा चेहरा खुलायचा. "हां, मग ठीक आहे. पाहिलं असेल तर बोला."

मी पुण्याचा. सॉफ्टवेअरमधला. मला कुणी उलटा प्रश्न विचारला की माझं टाळकं सरकतं, आणि नशिबानं गाठ घातली ती दिवसभर एकच प्रश्न विचारणाऱ्या बाईंशी. इथल्या युनिव्हर्सिटीत त्यांचा एक प्रकल्प होता. खोट्या बातम्या घराघरांत कशा शिरतात, आणि त्या शिरल्यावर माणूस मत द्यायला जातो की घरी बसतो, याचा अभ्यास. त्यातलं कॉम्प्युटरचं काम माझ्याकडे आलं. विभागात सगळे त्यांना पहिल्या नावानं हाक मारायचे, अगदी काल आलेलं पोरसुद्धा. माझ्या जिभेला ते काही जमेना. शाळेत शिकवणारीला आपण बाई म्हणतो, म्हणून मीही बाई म्हणायला लागलो. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा त्या काम थांबवून माझ्याकडे बघत राहिल्या. "नागपूर सोडल्यापासून मला कुणी बाई म्हटलं नव्हतं जी," म्हणाल्या. मला त्या इंजिनिअर म्हणायच्या. एवढ्या वर्षांत माझं नाव त्यांनी घेतल्याचं मला आठवत नाही.

पायात बारा महिने जॅन्डल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. जुलैत, इथल्या ऐन थंडीत, गवतावर दव गोठलेलं असताना जाड लोकरीचे मोजे, आणि त्यावर जॅन्डल्स. अंगठ्यापाशी मोज्याला कायमची चिमटी. या अवतारात त्या मोठमोठ्या मीटिंगांना जायच्या. गाडी त्यांना येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. या गावात दूध आणायचं तरी माणूस गाडी काढतो, आणि या बाईंचा तर सगळा अभ्यास लोकांच्या घरी जाऊन करायचा. मग गाडी कोण चालवणार? मी. माझ्या कामाच्या करारात हे कुठंही लिहिलेलं नव्हतं. एकदा मी तसं बोलून दाखवलं, तर म्हणाल्या, "हो ना, नाहीच लिहिलेलं," आणि सीटबेल्ट लावून बसल्या.

मागच्या अंगणात त्यांची फिजोआची झाडं होती. इथं त्या पेरूसारख्या फळाचा असा सुकाळ असतो की शेजारी दारात पिशव्या ठेवून पळून जातात. बाई त्याचा मुरांबा करायच्या. तो मुरांबा भयंकर होता. लवंग इतकी की दातांच्या डॉक्टरकडून आल्यासारखं वाटायचं. कुणाच्याही घरी जाताना एक बरणी घेऊन जायच्या आणि समोरच्याला तिथंच चाखायला लावायच्या. माझ्या बायकोनं त्या बरण्या गॅरेजमध्ये रांगेत लावून ठेवल्या होत्या. माझी मुलगी म्हणायची, "डॅड, दॅट्स नॉट जॅम, दॅट्स मेडिसिन."

एकदा मी कोणता मेसेज कुणाकडून कुणाकडे गेला याचा एक नकाशा तयार केला. ठिपके, रेषा, रंग. खूप दिवस खपलो होतो, आणि खरं सांगायचं तर कौतुकाची वाट बघत होतो. बाईंनी चष्मा वर केला.

"हे ठिपके म्हणजे कोण?"

"अकाउंट्स."

"यातल्या कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय?"

"ते कसं कळणार?"

"मग हा नकाशा काहून काढला, बापा? जिचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय ती दिवसभर खुर्चीत बसून फोन बघते. तिला करमत नाही. आलेलं सगळं ती दहा जणांना पाठवते, कारण मग दहा जण तिला काहीतरी उत्तर देतात. हे तुमच्या ठिपक्यात कुठं आहे?"

मला राग आला होता, हे लपवत नाही. तो नकाशा नंतर परिषदांमध्ये गाजला. पण त्यानंतर मला कुठलाही ठिपका दिसला की मनात आधी गुडघा यायचा.

त्यांची पद्धत साधी होती. ज्याच्याकडे अफवा सापडली त्याच्या घरी जायचं, मुरांबा द्यायचा, तो सांगेल ते सगळं ऐकायचं, आणि शेवटी विचारायचं, "तुम्हाला हे कुणी सांगितलं?" मग त्या माणसाच्या घरी. मग त्याच्याही आधीच्या. आणि एक नियम मात्र कडक: हे खोटं आहे असं चुकूनसुद्धा म्हणायचं नाही. मी दोनदा म्हणालो, तर मला गाडीत बसायला पाठवलं. "माणसाला खोटं पाडलं की तो अफवा सोडत नाही, आपल्याला सोडतो," असं त्यांचं म्हणणं.

गावाबाहेर एक म्हातारा गोरा शेतकरी होता. त्याची ठाम समजूत, की मतदान केंद्रावरच्या पेनांची शाई मोजणीच्या आधी उडून जाते. बाईंनी ते तासभर ऐकून घेतलं. कुणी सांगितलं? मेव्हण्यानं. मग तुम्ही काय करता? तो म्हणाला, काय करणार, घरचं पेन घेऊन जातो. बाई गाडीत येऊन बसल्या त्या हसतच. "याला सोडा," म्हणाल्या. "यानं अफवाही ठेवलीय आणि मतही ठेवलंय. बिचारा व्यवस्थित आहे." मी म्हटलं, पण तो चुकीचा आहे. तर म्हणाल्या, "चुकीचे तर तुम्हीही असता. तुमचं मत काढून घेऊ का?"

मताचं एवढं खूळ त्यांच्या डोक्यात कुठून आलं, हे त्यांनी एका लांबच्या प्रवासात सांगितलं. वडील नागपुरात गिरणीत कामाला होते. मतदानाच्या दिवशी लोट्यात निखारे घालून सदऱ्याला इस्त्री करायचे आणि पोरांना सोबत घेऊन जायचे. परत आल्यावर बोटावरची शाई पुसट होऊ नये म्हणून भांड्यांना हात लावायचे नाहीत, त्यावरून आई ओरडायची. रांगेत पुढं गिरणीचे साहेब उभे असले की वडील पोरांच्या कानात सांगायचे, "त्यांचंही एकच आणि आपलंही एकच." बाईंना इथं येऊन किती वर्षं झाली होती, पण पासपोर्ट अजून भारताचाच होता. कायमचा रहिवासी असेल आणि एकदा सलग वर्षभर इथं राहिला असेल, तर या देशात नागरिक नसतानाही माणसाला मत देता येतं. याचं त्यांना फार अप्रूप. "न मागता मत देणारा देश आहे हा. पासपोर्टची घाई कशाला करू?" असं म्हणायच्या.

आणि आपल्या लोकांना नेमकं हेच माहीत नसतं. मत म्हणजे नागरिकाचं काम, हे आपण तिकडून पक्कं शिकून आलेलो असतो. आमच्या शेजारच्या काकूंचं तेच होतं. काकू सांगली जिल्ह्यातल्या. मुलगा बांधकामात इंजिनिअर, त्याच्याकडे नातवंडांसाठी म्हणून आल्या आणि राहिल्या. तिकडं एकही निवडणूक चुकवली नाही, असं अभिमानानं सांगायच्या. एकदा बाई माझ्याकडे चहाला आल्या असताना काकूंशी ओळख झाली. आपल्याला इथं मत देता येतं हे ऐकून काकू आधी हसल्या. मग बाईंनी तिथंच त्यांचं नाव नोंदवून दिलं. पुढं निवडणूक जवळ आली आणि पोस्टानं मतदानाचं कार्ड आलं, तर ते काकूंनी देवघरात गणपतीशेजारी ठेवलं. मला बोलावून दाखवलं. मी म्हटलं, काकू, कार्ड नसलं तरी मत देता येतं. तर म्हणाल्या, "असू दे रे. नाव छापलंय माझं."

त्याच सुमाराला इथल्या मंडळाच्या गणपतीत बाईंचं भाषण होतं. आरती झाल्यावर आणि जेवणाच्या आधी. म्हणजे लोकांच्या नाकात मसालेभाताचा वास, आणि समोर जॅन्डल्समधल्या बाई. भाषणासाठीही त्यांचा एक नियम होता. खरी अफवा मंचावरून सांगायची नाही, कारण ती तिथूनही पसरते. म्हणून त्या दर वेळी उदाहरणाला एक नवी कोरी अफवा स्वतः रचायच्या. आणि ती नट संवाद म्हणतो तशी मनापासून म्हणायच्या, जणू त्यांचा तिच्यावर पूर्ण विश्वास आहे. मग थांबायच्या. स्टीलच्या पेल्यातून सावकाश पाणी प्यायच्या. सभागृहात अफवा मुरू द्यायच्या. आणि मग सांगायच्या, की हे मी रचलंय.

त्या दिवशीची अफवा मला तोंडपाठ आहे. "तुम्ही नागरिक नसताना मत दिलंत, की तुमचं नाव एका वेगळ्या फायलीत जातं. पुढं तुमच्या घरातल्या कुणीही नागरिकत्वाचा अर्ज केला, की ती फाइल उघडते. अर्ज नाकारत नाहीत. नुसता पडून राहतो. आणि का पडून आहे ते कुणीही सांगत नाही."

सभागृह गार पडलं. मीसुद्धा घरात कुणाचा अर्ज आत आहे का ते आठवायला लागलो, आणि मी तर नागरिक. बाई पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "हे मी आज सकाळी अंघोळ करताना रचलं." लोक इतके हसले की मुलं दचकली. मग अर्धा तास छान चर्चा झाली, आणि सगळे जेवायला गेलो.

काकू त्या दिवशी नव्हत्या. त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं.

नंतर एकदा बाईंना घेऊन मी त्यांच्या तब्येतीची चौकशी करायला गेलो. बरं चाललं होतं. पण देवघरात कार्ड नव्हतं. बाईंच्या ते लगेच लक्षात आलं.

"मला नाही जायचं मताला," काकू म्हणाल्या. "मुलाचा नागरिकत्वाचा अर्ज आत आहे ना."

"मग?"

"मग काय? अडकवतात म्हणे."

"कुणी सांगितलं?"

काकूंनी फोन पुढं केला. भाचीकडून आलेला मेसेज होता. नागरिक नसलेल्यांनी मत दिलं तर घरच्यांचे अर्ज अडकतात, युनिव्हर्सिटीतल्या एका प्रोफेसरनं संशोधन करून सांगितलंय, आपल्या माणसांना सावध करा. बाईंनी ते दोनदा वाचलं. एरवी अशा वेळी त्यांच्या डोळ्यांत चमक यायची, तशी आली नाही. मी "अहो काकू, हे तर—" म्हणून तोंड उघडलं, तर माझ्या हातावर हात ठेवून त्यांनी मला गप्प केलं. बाहेर आल्यावर मी म्हटलं, बाई, हे तुमचंच आहे. त्या म्हणाल्या, "तुम्ही पाहिलं का? मग? चला भाचीकडे."

भाची रोलस्टनला राहायची. तिला ऑफिसातल्या मैत्रिणीनं पाठवलं होतं. मैत्रिणीकडे मजकूर नव्हता, आवाज होता. तिनं आम्हाला सोफ्यावर बसवलं, चहा ठेवला आणि क्लिप लावली. पहिल्याच वाक्याला बाईंनी डोळे मिटले. तो त्यांचाच आवाज, ठाम, शांत, विश्वास ठेवावा असा. "आणि का पडून आहे ते कुणीही सांगत नाही." त्यानंतर पेला उचलल्याचा बारीक आवाज, आणि क्लिप संपली. मैत्रीण एकदा फोनकडे आणि एकदा बाईंकडे बघत राहिली. "मॅडम, तुम्हीच ना या?"

क्लिप बनवणारे गृहस्थही सापडले. मंडळात दर वर्षी भात वाढायचं काम त्यांच्याकडे असतं. सज्जन माणूस, हात जोडूनच उभे होते. "मॅडम, मला वाटलं तुम्ही लोकांना सावध करताय. म्हणून बायकोसाठी रेकॉर्ड केलं, ती घरी होती. तुम्ही पाणी प्यायला थांबलात, तेवढ्यात मला भाताला हाक आली. मी पुढचं ऐकलंच नाही हो." बाईंनी त्यांना मुरांब्याची बरणी दिली. त्यांनी तिथंच चमचाभर खाल्ला आणि चेहरासुद्धा वाकडा केला नाही.

गाडीत बाई जॅन्डल्स काढून पाय सीटवर घेऊन बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "इंजिनिअर, तुमच्या नकाशात मला काढा. सगळ्यात वर."

विभागात मीटिंग झाली. आमच्या प्रमुखांचं म्हणणं पडलं की झालं ते दुर्दैवी, पण अहवालात कशाला घालायचं? लोक म्हणतील, अफवांचा अभ्यास करणारेच अफवा पसरवतात. खरं सांगतो, मलाही तसंच वाटत होतं, आणि मी बोललोही. बाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग मला मराठीत, सगळ्यांसमोर, म्हणाल्या, "कुणी सांगितलं, हे मी सगळ्या जगाला विचारत आले. आता उत्तर माझ्या दारात आलं, तर प्रश्न बदलू का?" बाकीच्यांना काही कळलं नाही, पण आवाज कळला. अहवालात ते सगळं गेलं. पुढचा प्रकल्प त्यांना मिळाला नाही. तो यामुळेच, हे मी पाहिलेलं नाही, म्हणून बोलत नाही.

निवडणूक तोंडावर आली होती. बाईंनी ठरवलं की जिथं जिथं ती क्लिप गेली तिथं तिथं जायचं आणि स्वतः सांगायचं. आयुष्यभर पाळलेला नियम मोडायचा. मी गाडी चालवत होतो आणि त्या प्रत्येक दारात उभ्या राहून म्हणत होत्या, "ते खोटं आहे. मी रचलं होतं."

आणि लोक काय म्हणाले असतील? एकानं दार लोटून हळूच विचारलं, "मॅडम, तुमच्यावर प्रेशर आलंय का?" एका घरी मला बाजूला घेऊन सांगितलं, आम्ही समजू शकतो, नोकरीचा प्रश्न असतो. कुणी म्हणालं, सरकारलाच नको असणार हे बाहेर आलेलं. सगळ्यांनी चहा दिला, सगळे अतिशय आदरानं वागले, आणि बाईंवर कुणी विश्वास ठेवला नाही. ज्यांनी ठेवला ते दोघं-तिघं भाषणाला हजर होते, त्यांना मुळात गरजच नव्हती.

तोवर ती क्लिप काकूंच्या फोनवरही आली होती. काकूंनी तर सरळच सांगितलं. "त्या फोनमध्ये तुमचा आवाज कसा खणखणीत आहे. आज कापतोय. मी कुठला धरू?"

मला काकूंचा राग आला. खरंच आला. या बाईंनी हातानं तुमचं नाव नोंदवलं, आणि तुम्ही फोनचं ऐकता? तसं मी म्हणणारही होतो, पण बाई आधीच उठल्या होत्या. दारात वळून काकूंना म्हणाल्या, "मतदानाच्या दिवशी माझ्यासोबत चला. तुम्ही मत देऊ नका. फक्त मला बघा."

शनिवार होता. आमच्या भागातलं केंद्र शाळेच्या हॉलमध्ये होतं. मुलीला पोहण्याच्या क्लासला सोडायचं होतं, तिचे टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, मागच्या सीटवर, त्याशेजारी काठी घेऊन काकू, आणि पुढं बाई. हॉलच्या दारात बाईंनी पर्समधून आपला पासपोर्ट काढून काकूंच्या हातात दिला. "बघा, भारताचा आहे. मीही तुमच्यासारखीच. हा तुमच्यापाशी ठेवा, मी येते." काकूंनी तो दोन्ही हातांनी छातीशी धरला. आत टेबलाशी बसलेल्या मुलीनं बाईंना माओरीत "किया ओरा" म्हणून नमस्कार केला, नाव विचारलं, कागद दिला. बाई पुठ्ठ्याच्या आडोशाला गेल्या, बाहेर आल्या, पेटीत कागद टाकला. काकू दारातून पापणी न हलवता बघत होत्या.

"झालं?" काकू म्हणाल्या.

"झालं."

"कुणी काही म्हणालं नाही?"

"थँक्यू म्हणाली."

काकूंनी पासपोर्ट परत दिला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "पण मॅडम, राग मानू नका. तुम्हाला मूल ना बाळ. तुमचा कुणाचा अर्ज आत आहे? तुमचं काय अडकणार?"

भिंतीशी एक बाक होतं, त्यावर बाई जाऊन बसल्या. काकूही काठी टेकत जाऊन शेजारी बसल्या. मुलीच्या क्लासची वेळ होऊन गेली होती. ती गाडीतून हातवारे करत होती, पण माझा पाय निघेना.

"खरं आहे," बाई म्हणाल्या. "माझं काहीच अडकणार नाही. म्हणून तर मला ती अफवा रचता आली. तुम्ही लोक कशाला भिता हे मी घरोघर फिरून ऐकलं होतं. त्यातली सगळ्यात मोठी भीती निवडली आणि नीट रचली. अर्ज नाकारत नाहीत, पडून राहतो, हे सुचलं तेव्हा मला फार आनंद झाला. आणि सभागृहात तुमच्यासारखी माणसं घाबरली ना, तेव्हा मला वाटलं, काय छान जमलीय."

काकू त्यांच्याकडे वळल्या. "छान वाटलं तुम्हाला?"

"हो."

"आम्ही घाबरलेलं?"

"हो. मला माफ करा."

बाईंनी रुमाल काढला होता, पण तो नुसताच हातात होता. एवढी शहाणी बाई आणि तिला असं बसलेलं बघवेना मला. मग काकूंनी ब्लाऊजमधून घडी घातलेलं काहीतरी काढलं. ते मतदानाचं कार्ड होतं. गणपतीपासून हललं होतं, पण टाकलेलं नव्हतं.

"असलं खोटं बोलायला कुणी सांगणार नाही तुम्हाला," काकू म्हणाल्या. "स्वतःबद्दल असं कोण बोलतं? धरा माझी काठी, इथं गवत ओलं आहे."

दोघी आत गेल्या. मी मुलीकडे गेलो. ती म्हणाली, "डॅड, आय मिस्ड माय क्लास." मी म्हटलं, "सॉरी." "व्हाय आर यू क्रायिंग?" म्हणाली. वाऱ्यानं, म्हटलं. कुणी सांगितलं, असं विचारायला बाई तिथं नव्हत्या हे बरं.

काकूंच्या मुलाचा अर्ज पुढं यथावकाश मंजूर झाला. काकूंचं मत आणि तो अर्ज यांचा काही संबंध नव्हता, पण काकू मात्र सगळीकडे सांगायच्या की मी मत दिलं म्हणूनच झाला. मी बाईंना म्हटलं, बघा, आता ही नवी अफवा. बाई म्हणाल्या, "राहू द्या. हिच्यामुळं कुणी घरी बसणार नाही."

मागच्या हिवाळ्यात बाई गेल्या. आजार थोडक्यात आटोपला. विहारातल्या मंडळींनी सगळं केलं, नागपूरहून पुतण्या आला. मी त्यांच्यासोबत एवढे हजारो किलोमीटर फिरलो, आणि त्यांचा आवाज माझ्याकडे कुठंही नाही. मुलाखतींची सगळी रेकॉर्डिंग्ज अहवालानंतर नियमानं पुसली गेली. त्या मेसेजही करत नसत.

आणि आता पुन्हा निवडणूक आलीय. परवा एका ग्रुपवर क्लिप आली. ॲशबर्टनच्या एका भगिनींनी पाठवली होती, खाली लिहिलं होतं, सावध राहा. मी लावली. तोच ठाम, शांत आवाज. मी ती चार वेळा ऐकली आणि स्वयंपाकघरात उभा राहून रडलो. पुसून टाकायची म्हणून बोट नेलं आणि जमलं नाही. बाईंचा आवाज जगात एवढाच उरलाय, आणि त्यात त्या खोटं बोलतायत.

काकूंना ऐकवली. भाषणाला त्या नव्हत्या, पुढचं त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. पेल्याचा आवाज आला आणि क्लिप संपली, तसं त्यांनी विचारलं, "पाणी पिऊन झाल्यावर काय म्हणाल्या रे?" मी सांगितलं. अंघोळीचं ऐकून काकू डोळे पुसेपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या, "गाडी काढ. कुणी पाठवलं त्यांच्याकडे जाऊ." मी म्हटलं, काकू, फोन करू, ॲशबर्टन तासाभरावर आहे. तर म्हणाल्या, "फोनवर नको. बाई घरी जायच्या."

गॅरेजमध्ये मुरांब्याची शेवटची बरणी होती, ती घेतली. ॲशबर्टनच्या त्या भगिनी तरुण होत्या, कडेवर तान्हं मूल, नवऱ्याचा अर्ज आत. आम्ही कशाला आलो ते कळल्यावर त्यांना जरा अवघडल्यासारखं झालं. "पण काकू, मी माझ्या मनाचं नाही सांगत," त्या म्हणाल्या. "त्या मॅडम स्वतः सांगतायत. ऐका ना." आणि त्यांनी फोन टेबलावर ठेवून क्लिप लावली.

काकू मान हलवत ऐकत होत्या. शेवटचं वाक्य झालं, पेला उचलल्याचा आवाज आला, क्लिप संपली. "ऐकलंत?" असं म्हणत त्या भगिनी फोन उचलायला वाकल्या. काकूंनी त्यांचा हात हलकेच धरला.

"थांब ग," काकू म्हणाल्या. "त्या पाणी पितायत. पुढचं मी सांगते."